गाडी घेऊन तंबूत राहायला निघताय? आधी पाठीखालचं बघा

पत्र : आमची छोटी हॅचबॅक आहे. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघं डिसेंबरात भंडारदऱ्याला तलावाकाठी दोन रात्री तंबूत राहायचं म्हणतोय. जमलं तर जानेवारीत कोकणात समुद्राजवळ. एका दुकानात चौकशी केली, तर त्यांनी ७२ हजारांची यादी हातात ठेवली. त्यात वजनाला अगदी हलके दोन तंबू, चार स्लीपिंग बॅगा, हवेच्या गाद्या, छोट्या डब्याची गॅस शेगडी, घडीच्या खुर्च्या असं सगळं आहे. नवरा म्हणतो, त्यापेक्षा टपावरचा तंबूच घेऊन टाकू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही, पण यायची हौस त्यांनाच सगळ्यात जास्त. खरंच काय घ्यावं? आणि फारच थंडी वाजली तर त्यांना रात्री गाडीत हीटर लावून झोपवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून कोणीही झोपायचं नाही, काचा खाली करूनसुद्धा नाही. धुराड्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. सायलेन्सरला एखादी चीर असली किंवा वारा मागून वाहत असला की तो आत शिरतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येतच नाही. हाच नियम तंबूला. कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे, गॅस, यांतलं काहीही तंबूच्या आत नेऊ नका. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून लोकांना ते निर्धोक वाटतात, पण विषारी वायू सगळ्यात जास्त तेच सोडतात. ऊब हवी तर रात्री झोपण्याआधी पाणी गरम करा, रबरी पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरा, बाटली जाड मोज्यात घाला आणि सासूबाईंच्या पायाशी पांघरुणात ठेवा. पहाटेपर्यंत ऊब पुरते.

आता यादीबद्दल. ती यादी वाईट नाही, पण ती पाठीवर सामान वाहून गड चढणाऱ्यांची आहे. ट्रेकच्या सामानात तुम्ही पैसे मोजता ते वजन कमी करण्याचे. तंबू दोन किलोंत बसवायचा, स्लीपिंग बॅग मुठीएवढी करायची, म्हणून किंमत चढते. तुमचं ओझं गाडी वाहणार आहे. त्यामुळे तुम्हाला हलकं नको, ऐसपैस आणि दणकट हवं, आणि त्यातलं निम्मं तुमच्या माळ्यावर पडलेलं आहे. मोजून घ्यायची आहे ती डिकीतली जागा.

टपावरच्या तंबूचं तर मनातून काढूनच टाका. हे तंबू साधारण ५० किलोंच्या पुढेच भरतात. छोट्या गाडीच्या टपाला चालत्या अवस्थेत किती भार चालतो ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं, ते वाचा म्हणजे यजमानांची समजूत आपोआप निघेल. आणि समजा गाडीने पेलला, तरी रात्री दोन वाजता दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी कोण उतरणार?

मग पैसे कुठे घालायचे? पाठीखाली. डिसेंबरात भंडारदऱ्याला रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास येतं, कधी त्याच्याही खाली जातं, आणि पाण्याकाठी ते जास्तच बोचतं. अशा वेळी लोक वरून पांघरुणं वाढवत जातात आणि तरी कुडकुडतात, कारण थंडी खालून येत असते. कुठलंही पांघरूण ऊब देतं ते त्याच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली येतो तो वजनाने चेपतो, त्यातली हवा निघून जाते, आणि महागातली बॅगसुद्धा खालच्या बाजूने चादरीइतकीच उरते. म्हणून चेपणार नाही असं काहीतरी खाली हवं.

दुकानदाराने लिहून दिलेली हवेची गादी इथेच फसवते. मऊ असते, फोटोत छान दिसते, पण तिच्या पोकळीतली हवा रात्रभर फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. उन्हाळ्यात हरकत नाही. डिसेंबरात ती नुसतीच वापरली तर पहाटे चारला सगळे उठून बसतील. त्याऐवजी ट्रेकिंगवाले वापरतात ती बंद छिद्रांच्या फोमची चटई घ्या, गुंडाळी होते ती. किंमत काही शेकड्यांत असते, पंक्चर होत नाही, भिजली तर पुसून घेता येते. माणशी एक, सासूबाईंसाठी दोन. त्यावर घरातली सतरंजी, त्यावर गोधडी. घरी कापसाची पातळ गादी असेल तर तीच गुंडाळून घ्या, गाडी आहे ना! हवेची गादी घेऊनच झाली असेल तर फोमची चटई तिच्या वर टाका, खाली नाही. गादीतल्या गार हवेचा अंगाशी संबंध तुटला पाहिजे.

सासूबाईंना जमिनीवरून उठणं जड जात असेल तर त्यांच्यासाठी घडीची खाट घेण्यासारखी आहे. या यादीत मी स्वतःहून मोठी भर घालते आहे ती एवढीच. पण खाटेखालून वारा खेळतो, त्यामुळे खाटेवर फोम आणि गोधडी लागतेच, नाहीतर त्या जमिनीपेक्षाही जास्त गारठतील. खाटेचे पाय तंबूच्या तळाला भोक पाडू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली जुन्या पायपुसण्याची चौकोनी घडी ठेवा. खाट घ्यायच्या आधी दुकानात त्यांना तिच्यावर बसवून, उठवून बघा. कॅम्पिंगच्या खुर्च्यांबाबतही हेच. बहुतेक घडीच्या खुर्च्या जमिनीलगत आणि खोलगट असतात, तरुणांना त्यात रेलायला मजा येते, पण त्यातून उठताना गुडघ्यांचे हाल होतात. त्यांच्यासाठी घरचीच हात असलेली, घडी होणारी खुर्ची न्या. बाकीच्यांना ताडपत्री पुष्कळ.

स्लीपिंग बॅगा चार कशाला? गोधड्या, रजया, सोलापुरी चादरी गाडीत बसत असतील तर एकही विकत घेऊ नका. जागा अपुरीच पडली तर भाड्याने घ्या, नाशिकमध्ये गिर्यारोहणाचं साहित्य भाड्याने मिळणं अवघड नाही. विकत घ्यायचीच झाली तर पिशवीवर मोठ्या आकड्यात छापलेल्या तापमानावर जाऊ नका. चांगल्या बॅगेवर दोन-तीन आकडे असतात : कम्फर्ट, लिमिट, कधी एक्स्ट्रीम. युरोपियन मापनपद्धतीत कम्फर्ट हा आकडा सर्वसाधारण स्त्रीला आरामात झोप लागेल असा धरतात, आणि लिमिट हा सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल असा. एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल एवढंच. मोठ्या अक्षरात बहुधा शेवटच्या दोनांतलाच एखादा असतो. तुम्ही कम्फर्ट बघा, आणि भंडारदऱ्यासाठी तो ५ ते १० अंशांच्या दरम्यान असला म्हणजे झालं. मुलीला मोठ्या माणसाची बॅग दिली तर तिच्या पायांखाली हातभर रिकामी जागा राहते आणि ती जागा तापवण्यातच तिची ऊब जाते. बॅगेचं शेपूट दुमडून नाडीने बांधून टाका.

आता तंबू. तंबूवर लिहिलेलं ‘४ माणसांचा’ म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून. तुम्ही चौघं आणि एक खाट म्हणजे सहा जणांचा एक, नाहीतर तिघांचा एक आणि दोघांचा एक असे दोन. मी दोन म्हणेन. सासूबाई आणि नात एका तंबूत, तुम्ही दोघं दुसऱ्यात. उभारायला सोपे, जागाही कमी सपाट असली तरी चालते, आणि कोणी घोरलं तरी सगळ्यांची झोप मोडत नाही. मात्र सासूबाईंचा तंबू उंच निवडा. दाराशी रांगत शिरावं लागणारा तंबू त्यांच्या कामाचा नाही.

घेताना दुहेरी तंबू घ्या : आत जाळीची खोली आणि वरून वेगळं आच्छादन. एकेरी तंबूत चार माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे अंगावर टपटपते. ‘तंबू गळला’ अशी तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. दुहेरी तंबूतही वरचे झरोके उघडे ठेवा. थंडीत ते बंद करावेसे वाटतात, पण बंद केले की अंथरूण ओलं होतं आणि मग खरी थंडी वाजते. पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. तुम्ही पावसाळ्यात जाणार नाही, वरच्या आच्छादनाला १५०० ते २००० पुष्कळ झाले. तीन-चार हजारांचा आकडा दाखवून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. तळाच्या कापडाला मात्र जास्त हवं, कारण त्यावर माणसाच्या गुडघ्याचा दाब पडतो.

तंबूसोबत येणाऱ्या खुंट्या काडीसारख्या असतात. आपल्याकडची मुरुमाची जमीन डिसेंबरापर्यंत वाळून टणक झालेली असते आणि या खुंट्या पहिल्या घावात वाकतात. एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ८ किंवा १० मिलिमीटर सळईचे फूटभर लांबीचे तुकडे कापून घ्या, एक टोक अणकुचीदार, दुसरं वाकवलेलं. डझनभर पुरतात. सोबत एक हातोडा. यादीत नसलेली ही वस्तू तुम्ही सगळ्यात आधी शोधाल. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली ठोका, दोरी आणि खुंटी यांत काटकोन झाला पाहिजे. तंबूखाली ताडपत्री घालणार असाल तर ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान दुमडा. बाहेर राहिलेली कड दवाचं पाणी गोळा करते आणि थेट तुमच्या खाली आणून सोडते.

जागा निवडताना सगळ्यांना अगदी पाण्याच्या काठाशी जायचं असतं. तिथेच सगळ्यात जास्त गारठा आणि दव. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. पाण्यापासून थोडं वर, आंब्याच्या किंवा कुठल्याही दाट झाडाच्या आडोशाला तंबू लावा. झाडाखाली दव कमी पडतं हे तुम्हाला सकाळी गाडीच्या काचेवरच कळेल. फक्त वर वाळकी फांदी लोंबत नाही ना, खाली मुंग्यांचं वारूळ नाही ना, आणि ती गुरांची वाट नाही ना, एवढं उजेडात बघून घ्या. त्यासाठी चारपर्यंत पोचायचंच. घोटीमार्गे नाशिकहून अंतर सत्तर-एक किलोमीटर, म्हणजे जेवून निघालात तरी जमेल.

तंबूची चेन सदैव बंद, अगदी दोन मिनिटांसाठी बाहेर आलात तरी. हे मुलीला पहिल्या तासातच शिकवा. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. चेन बंद असलेला तंबू हा त्यावर उत्तम उपाय आहे. बूट तंबूच्या आत किंवा गाडीत, आणि सकाळी झटकूनच पायात. रात्री बाहेर पडताना बॅटरी हवीच. दंशाची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा किंवा गाडी काढून सरळ दवाखाना गाठायचा. बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही नको.

स्वयंपाकाच्या शेगडीबद्दल थोडं सविस्तर सांगते. यादीतली शेगडी, जिच्यात गॅसचा लांबट डबा बाजूच्या कप्प्यात आडवा बसतो, ती सोयीची आहे, पण तिच्याशी एक गंभीर धोका जोडलेला आहे. तिच्यावर मोठा तवा किंवा रुंद पातेलं ठेवलं की भांड्याची कड डब्याच्या कप्प्यावर येते, उष्णता खाली परतते, डबा तापतो आणि फुटू शकतो. वारा अडवायला शेगडीभोवती पत्रा लावला तरी तेच. आपल्याकडे चौघांची पोळी-भाकरी म्हणजे तवा रुंदच येणार. शिवाय या डब्यांत बहुतेक ब्यूटेन असतो. तो शून्य अंशाच्या जवळ उकळतो, म्हणून दहा अंशांच्या पहाटे त्याला जोर नसतो, आणि गॅस निघताना डबा आणखी गार होत जातो. चहाला उकळी यायला वेळ लागतो तो यामुळे. तुमच्याकडे गाडी आहे, तेव्हा ५ किलोंचा छोटा सिलिंडर आणि त्याला जोडायची साधी शेगडी बरी. हा छोटा सिलिंडर कनेक्शनच्या कागदपत्रांशिवाय, ओळखपत्र दाखवून मिळतो. गाडीत तो उभा आणि घट्ट बांधलेला, रेग्युलेटर काढून टोपण लावलेला, काच थोडी खाली. पोचल्यावर आधी तो बाहेर काढून सावलीत ठेवायचा. गाडीत कोणी सिगारेट ओढत असेल तर सिलिंडर नेऊच नका.

भांडी घरचीच. तीन लिटरचा कुकर, एक कढई, तवा, सांडशी, चाकू. नॉनस्टिकचे कॅम्पिंग सेट घेऊ नका. पहिल्या संध्याकाळी मुळात काही मोठं रांधू नका. तंबू लावून होईपर्यंत सगळे दमलेले असतात. घरून धपाटे, ठेचा, दही न्या आणि तिथे फक्त पिठलं किंवा मुगाची खिचडी टाका. पाण्यासाठी तोटी असलेला २० लिटरचा जार, रोज एक, माणशी दिवसाला पाच लिटर धरून. तलावाचं पाणी हातपाय धुण्यापुरतंच, आणि साबण लावून भांडी तलावात विसळायची नाहीत, बादलीत घेऊन लांब ओतायचं.

उजेडासाठी माणशी एक डोक्याला लावायची बॅटरी. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि मुलीला स्वतःची बॅटरी मिळाली की ती अंधाराला घाबरत नाही. वीज साठवून ठेवणारा बॅटरीचा मोठा डबा (पॉवर स्टेशन) दोन रात्रींसाठी अजिबात लागत नाही. एक पॉवर बँक घ्या, ती दिवसा गाडी चालवताना भरून घ्या. गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटला साधारण १२० वॅटपर्यंतच झेपतं, त्यावर किटली किंवा इस्त्रीसारखं काही लावायला जाऊ नका, फ्यूज उडेल. आणि रात्री डिकी उघडी ठेवून गाणी ऐकत बसलात तर आतले दिवे आणि स्टिरिओ मिळून गाडीची बॅटरी उतरवतात. जंपर केबल सोबत असू द्या.

सामान भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये लावा. एकात स्वयंपाक, एकात दिवे-दोऱ्या-खुंट्या-हातोडा, एकात कोरडा शिधा. जड क्रेट खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकून. तंबू आणि ताडपत्री सगळ्यात शेवटी भरा म्हणजे सगळ्यात आधी हाताला लागतील. मागच्या काचेजवळच्या फळीवर काहीही सुटं ठेवू नका. घाटात करकचून ब्रेक लागला तर स्टीलचा डबा थेट मुलीच्या डोक्याशी येतो.

कोकणात या सगळ्यातलं काय बदलतं? गोधड्या निम्म्या करा. वाळूत सळईची खुंटी धरत नाही, तेव्हा कापडी पिशवीत वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा, जोराच्या वाऱ्यातही सहजी हलत नाही. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे उलट्या दिशेने, म्हणून तंबूचं तोंड समुद्राकडे किंवा जमिनीकडे न ठेवता किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने ठेवा. तंबू पुळणीवर लावूच नका. भरतीची रेघ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पुष्कळ वर सरकते. सुरूच्या बनामागे कोणाच्या तरी वाडीत परवानगीने उतरा. गाडी वाळूवर नेण्याचा मोह तर यजमानांना बजावून ठेवा. टायर रुतलं आणि भरती आली की गाडी समुद्राची. वेळास, आंजर्ले भागात जात असाल तर हे दिवस कासवांच्या विणीचे असतात. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री अंडी घालायला वर येतात आणि प्रखर उजेडाने बिचकून परत फिरतात. तिथे रात्री किनाऱ्यावर बॅटरीचे झोत टाकू नका. परत आल्यावर तंबूच्या चेनी आणि काठ्या गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खाऱ्या पाण्याने त्या अडकून बसतात.

दोन्ही सहलींनंतर तंबू घरी गच्चीवर पूर्ण वाळवूनच पिशवीत भरा. दमट तंबू महिनाभर गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते आणि आतला पाणीरोधक थर चिकट होऊन सुटतो. मग त्याचा कुबट वास कशानेही जात नाही. बहुतेक तंबू वापरून नाही, असे ठेवूनच खराब होतात.

हिशोब केला तर दोन तंबू, पाच फोमच्या चटया, एक खाट, चार बॅटऱ्या, खुंट्या आणि शेगडीसह छोटा सिलिंडर, मुख्यतः एवढंच विकत घ्यायचं उरतं. तंबू पहिल्या वेळी भाड्यानेच घ्या, आकाराचा अंदाज येईल. नोव्हेंबरात एका शनिवारी गच्चीवर दोन्ही तंबू उभे करून चौघं त्यांत झोपा, सासूबाईंना खाट पटते का ते तिथेच कळेल.

आणि जागा ठरवताना आधी फोन करा. भंडारदऱ्याभोवतीचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही आणि उघड्यावर जाळ करणं तर नाहीच. मुरशेत, रतनवाडीकडे गावकरी आपल्या जागेत तंबूंना जागा देतात, तुम्ही तुमचा तंबू लावता म्हणून सांगा, भाडं ठरवा. त्यांना तीन गोष्टी विचारा : गाडी तंबूच्या किती जवळ येते, शौचालय किती पावलांवर आहे, आणि ते भारतीय पद्धतीचं की कमोड. भारतीय असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारी घडीची कमोड खुर्ची सासूबाईंसाठी सोबत घ्या. वाट चढ-उताराची असली किंवा तिथे रात्रीचा दिवा नसला, तर दृश्य कितीही छान असो, दुसरी जागा बघा.